टाचणी लावलेली पानं

अब्बा,

अम्मीनं तुमच्या कबरीवरच्या सब्जाच्या रोपाला पाणी पाठवणं बंद केलंय. गुडघ्यांनी तिला घरात बसवलं तेव्हापासून दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, ती बाटली भरून माझ्या हातात द्यायची आणि शाळा सुटली की मी बदलापूरहून रिक्षानं अंबरनाथला येऊन ती तुमच्या उशाशी रिकामी करायची. कब्रस्तानात नळ आहे, पण त्याचं पाणी तिला चालायचं नाही, घरचंच हवं. तीन आठवडे झाले, बाटली ओट्यावर पालथी पडली आहे. डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितलंय की तिचं हृदय आता थकलं, फार दिवस नाहीत. आणि ती खाटेवर उशांना टेकून, नाकात प्राणवायूची नळी घालून मला बजावते आहे की तिला तुमच्या शेजारी पुरायचं नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दल तिच्या तोंडून वाकडा शब्द निघाला नव्हता. आता मरणाच्या दारात बसून ती तुमच्यावर रुसली आहे. रुसली हा शब्द मी मवाळ वापरला, ती भडकली आहे, आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही म्हणून सगळं माझ्यावर आलंय.

झालं ते एका मोबाईलवरून. समोरच्या फ्लॅटमधली सून दुपारी अम्मीजवळ बसायला येते, चांगली पोरगी आहे. अम्मीला जरा दीनाची, धर्माची गोष्ट ऐकवावी म्हणून तिनं कुणा वक्त्याचं भाषण लावलं. तो गळ्याच्या शिरा ताणून जन्नतीचं वर्णन करत होता आणि त्या बिचाऱ्याला जन्नतीत हूरांखेरीज, त्या सुंदर सोबतिणींखेरीज, दुसरं काही दिसतच नव्हतं. नेक पुरुषाला किती मिळणार, त्यांचे डोळे केवढे, त्यांची कांती कशी, आणि मग तो आकडा, बहात्तर. अम्मीनं पुरतं ऐकून घेतलं. मी शाळेतून आले, एक चप्पल काढली, दुसरी पायातच होती, तेवढ्यात आतून आवाज आला, "तुझ्या अब्बांच्या वहीत टाचणी लावलेली पानं होती. त्यात हेच होतं काय?" ती टाचणी तिच्या लक्षात असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मोरिवलीचं आपलं घर आठवतं ना? दोन खोल्या, मधे पडदा. तुम्ही रंगाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचात, आल्यावर नखं दगडानं घासायचात आणि ती निळीच राहायची. आळीतल्या आठ-दहा बायकांना कुराण अरबीत वाचता यायचं पण अर्थ लागायचा नाही, आणि उर्दू कानावरून निघून जायची. म्हणून बुधवारी तुम्ही उर्दू तर्जुम्यावरून आपल्या मराठीत अर्थ लिहून काढायचात, दोनशे पानी वहीत, पेन्सिलनं. गुरुवारी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली की तुम्ही बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसता, बायका स्वयंपाकघरात, आणि मी उंबऱ्यावर, पडद्याची कड गुडघ्याखाली दाबून. मला दोन्हीकडचं दिसतं. आत कुणी तांदूळ निवडतंय, अम्मी चुलीपाशी भाकऱ्या थापते आहे, तुमचा आवाज चढला की तिचे हात हळू चालतात. तुम्ही वाचता आहात, जन्नतीत नद्या आहेत, वास न बिघडणाऱ्या पाण्याच्या आणि चव न पालटणाऱ्या दुधाच्या. आतून आळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा आवाज येतो, "वास नाय येनारा पानी? मंग तिथं कारखाने नसतील!" सगळ्या हसतात, तुम्हीही हसता. आपल्या विहिरीचं पाणी तेव्हा हातपाय धुण्यापलीकडे कशाला उपयोगी नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही जे समजावलंत ते मी आजवर शेकडो मुलांना कविता शिकवताना माझं म्हणून वापरलंय. तुम्ही म्हणालात, उन्हात करपलेल्या माणसाला सावली सांगितली, तहानलेल्याला नदी सांगितली. ज्याच्यापाशी जे कमी, त्याला ते दाखवून बोलावलंय. खरं काय आहे ते कुणाच्या डोळ्यानं पाहिलेलं नाही आणि कुणाच्या मनातही आलेलं नाही. इथल्या आंब्याचं आणि तिथल्या आंब्याचं नुसतं नाव सारखं. मला वाटलं, माझ्या बापाएवढं शहाणं माणूस अंबरनाथात नाही.

आणि तुमची काम करायची रीत! एका ठिकाणी तुमचं अडलं. जन्नतीतले लोक रेशीम नेसतील, एक पातळ आणि एक जाड, आणि त्यांच्या बैठकींना जाड रेशमाचं अस्तर असेल. तुम्ही आठवडाभर बेचैन. रेशीम आपल्या घरात होतंच कुठं? शेवटी रविवारी मला घेऊन उल्हासनगरला गेलात, कॅम्प एकमधल्या एका सिंधी कापडवाल्याकडे. त्यानं विचारलं, "साईं, किसकी शादी है?" तुम्ही म्हणालात, "शादी नहीं, समझने के लिए चाहिए." तो गादीवर सरसावून बसला. "समझने का कुछ नहीं लगता. हाथ लगा के देखो." आणि त्यानं एक तलम ठाण उलगडलं, दुसरं जरीनं जड झालेलं. तुम्ही हात पाठीमागे घेतलात. नखांची निळाई त्या कापडाला लागेल अशी तुम्हाला भीती. मला म्हणालात, "तू हात लाव आणि मला सांग कसं लागतं." मी अकरा वर्षांची होते. मी डोळे मिटून हात फिरवला आणि सांगितलं, पातळ आहे ते थंड लागतं, जाड आहे ते कुणी हात धरल्यासारखं लागतं. गुरुवारी तुम्ही तेच शब्द वाचून दाखवलेत, आणि पुढे म्हणालात, अस्तर एवढं भारी, तर वरचं कापड केवढं असेल? ते सांगितलेलं नाही, कारण सांगता येण्याजोगं नाही, आपल्याला जे वर्णन मिळालंय ते अस्तराचं. माझे शब्द तुमच्या वहीत गेले म्हणून मी महिनाभर हवेत होते.

मग त्या टाचण्या. कारखान्यात रंगाच्या नमुन्याची चिंधी कागदाला टोचायला असतात तसल्या, बारीक डोक्याच्या. वह्या पुसताना मला दिसलं, एका वहीतली चार पानं एकमेकांना टोचलेली आहेत. दुसऱ्या एका वहीत दोन. ती तुम्ही कधी वाचली नव्हती. वाचता वाचता त्या जागी आलात की तुम्ही घसा खाकरायचात, चार पानं एकदम उलटायचात आणि पुढच्या फळाफुलांवर जायचात. मी तेरा वर्षांची, नाक खुपसण्यात पटाईत. टाचणी न काढता पानांची पोकळी करून, खालून मान वाकडी करून वाचलं. मोठ्या डोळ्यांच्या सोबतिणी, झाकून ठेवलेल्या मोत्यांसारख्या. अर्थ कळला असं नाही, पण एवढं कळलं की पुरुषांसाठी काहीतरी आहे आणि ते आमच्यापासून लपवलंय. पुढच्या गुरुवारी, सगळ्या जमलेल्या असताना, उंबऱ्यावरून मी खणखणीत आवाजात विचारलं, "अब्बा, टाचणी लावलेली पानं कधी वाचणार? त्यात बायकांना काय आहे?"

अजून तो क्षण अंगावर येतो. तुमच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. तुम्ही वही मिटलीत, आज एवढंच, म्हणालात. बायका पाठच्या दारानं गेल्या. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि अब्बा, बसायला हवी होती. त्याऐवजी तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुला वाचायला शिकवलं तिथंच माझं चुकलं." बस. आवाज चढवला नाहीत. पुढच्या गुरुवारपासून उंबऱ्यावरची माझी जागा गेली, मी आत, अम्मीच्या मागे, परात घेऊन. ज्या हाताला तुम्ही रेशीम कसं लागतं विचारलंत, त्याच हातात तुम्ही परात दिलीत, आणि हे मी तुम्हाला माफ केलं की नाही ते मला आजही ठाऊक नाही.

बरोबर नऊ वर्षांनी मला शिक्षिकेची नोकरी लागली, तीही मराठी शिकवायची. त्या दिवशी तुम्ही सगळ्या वह्या एका धुतलेल्या टॉवेलात बांधून माझ्यापुढे ठेवल्यात. "तू बघ आता. माझ्यानं नाही झालं." टाचण्या तशाच होत्या, गंजलेल्या. मी "बरं" म्हटलं. तेव्हा विचारायला हवं होतं, काय नाही झालं? पण आपल्या घरात प्रश्न एकदाच विचारायची पद्धत, आणि माझा विचारून झाला होता.

तर अम्मी. त्या संध्याकाळी तिनं मला समोर बसवलं. "तू त्या दिवशी इचारलास, तवा मी भाकरी थापत व्हते. मना वाटला, बायांच्या आजाराबिजाराचा काय असंल, म्हणून मी पन नाय इचारला. इतकी वर्सं तसाच धरून चालले." मग घोटभर पाणी. "म्हंजे त्यांना ठाव व्हता. आणि मना नाय सांगितला." मी शिक्षिका झाले. म्हटलं, अम्मी, तो आकडा कुराणात कुठंच नाही. आणि हे सगळं समजावण्यापुरतं आहे, अब्बाच म्हणायचे ना, हे अस्तर आहे. "अस्तरबिस्तर मना नको सांगू. त्या हायेत का नाय?" त्या आहेत, म्हणजे शब्द आहेत, आणि त्या शब्दांवर माझ्यापेक्षा मोठ्या माणसांनी आयुष्यं घालवलीत. काही म्हणतात जसं लिहिलंय तसंच माना. काही म्हणतात ती उपमा आहे. काही म्हणतात या दुनियेतली नेक बाई त्या सगळ्यांपेक्षा वरचढ असेल. मी मौलानांना फोन करून विचारलं तर ते भले गृहस्थ म्हणाले, बेटी, मानायचं, कसं ते विचारायचं नाही. मी मनात म्हटलं, माझ्या आईला येऊन सांगा हे.

मग मी तिला ती म्हातारीची गोष्ट सांगितली, म्हाताऱ्या जन्नतीत जात नाहीत असं पैगंबरांच्या तोंडून ऐकून रडू लागलेली, आणि मग तिला समजावलं जातं की जाताना तू तरुण होऊन जाशील. मला वाटलं हे तिला आवडेल. अम्मी माझ्याकडे अशी बघत राहिली जशी मी वर्गातल्या ढ मुलाकडे बघते. "मना परत तरुन नाय व्हायचा. एकदा झाले तेवढा पुरे." तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालं, तीन मुलं मातीत गेली, मी एकटी उरले. तिला तारुण्य म्हणजे काय आठवत असेल याचा मी विचारच केला नव्हता. मी घाईघाईनं दुसरीकडे वळले. लिहिलंय की माणसं आपापल्या जोडीदारांसोबत सावलीत बसतील. ती ताबडतोब म्हणाली, "सावलीत बसायला मी, आनि बाकीला त्या?" मला हसू आलं आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस बोलली नाही.

दोन दिवसांनी मी घोडचूक केली. तुमची बाजू मांडायला मी वह्याच काढल्या. म्हटलं, हे बघ, त्यांनी लाजेनं वाचलं नाही, लपवायचं असतं तर लिहिलंच नसतं. गंजलेल्या टाचण्या मी तिच्यादेखत काढल्या. आणि अब्बा, मीही ती पानं उघडून सरळ कधी वाचली नव्हती. तेरा वर्षांची असताना जे तिरकं वाचलं तेवढंच. पान उघडलं तर एकाच ओळीचे सात अर्थ, एकाखाली एक, सहा खोडलेले. टपोऱ्या डोळ्यांच्या. हरणासारख्या डोळ्यांच्या. पाणीदार डोळ्यांच्या. काळ्याभोर डोळ्यांच्या. मी बघितलं आणि मला भरून आलं, कारण भाषांतर करताना माणूस कसा अडतो ते मला माहीत आहे. तुम्ही शब्द शोधत होतात, बायकांपुढे वाचता येईल असा एक शब्द, आणि तो मराठीत तुम्हाला सापडला नाही. पण अम्मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिनं चष्मा लावला, एका एका अक्षरावर बोट ठेवत सगळं वाचलं आणि म्हणाली, "सात येळा लिवलंय. माझे डोळे कसे, ते त्यांनी कवा एकदा तरी सांगितला?"

पुढचं मी लिहू नये, पण लिहिते. ती म्हणाली, "तेच सांगायचे ना, ज्याला जे कमी त्याला ते दाखवून बोलावलंय. पडद्यामागून ऐकलाय मी. मंग त्यांना माझ्यात काय कमी व्हता?" तुमचंच वाक्य, सगळ्या आळीला पटलेलं, आणि ते तिनं जपून ठेवून बरोबर तुमच्यावर फिरवलं. लोकांना वाटतं घरातल्या बाईचं लक्ष भाकरीकडे असतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तिनं माझ्याकडून फोन मागून घेतला आणि जांभूळला, माहेरी, भाच्याला लावला. मला तिकडेच न्यायचं, माझ्या आईच्या पायाशी जागा बघून ठेव, असं धाप लागत लागत सांगून टाकलं. भाचा मला विचारतो, "आपा, ये क्या चल रहा है? काही भांडण झालं का?" एकोणीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाशी झालंय असं त्याला कसं सांगू?

इथवर लिहून मी कागद चार दिवस बाजूला ठेवले होते, आज पुन्हा काढलेत. तुम्ही म्हणाल, कुठंही पुरलं तरी माती तीच. माझंही तेच म्हणणं असतं, दुसऱ्या कुणाची आई असती तर. पण तुमच्या उजव्या बाजूची बोरीखालची जागा तिनं स्वतः मागून घेतली होती. जमातीतल्या मोठ्यांपुढे डोक्यावरचा पदर घट्ट धरून उभी राहिली होती, जन्मात पहिल्यांदा पुरुषांपुढे तोंड उघडून. ती जागा सोडून ती रागानं जाणार, मनात हे घेऊन की पन्नास वर्षं आपण एका माणसाची भाकरी केली आणि तो दुसऱ्याच कुणाची वाट बघत होता. हे मला सहन होत नव्हतं. कबरीचं मला काही नाही, ती असं समजून मरणार याचं होतं. आणि तिचा श्वास रोज थोडा आखूड होत चालला होता.

परवाच्या गुरुवारी दुपारी मी शाळेतून रजा घेऊन घरी होते. प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं. मी तिला मऊ भात भरवत होते. तिनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "तिथं गेल्यावर मी त्यांना वळख पन नाय देनार." आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवून नाही. मी म्हटलं, "अम्मी, एक सांगायचं राहिलंय. शेवटच्या दिवशी तू दवाखान्यातून डबा आणायला घरी गेली होतीस ना, तेव्हा अब्बा माझ्याशी बोलले. म्हणाले, तुझ्या अम्मीला सांग, ती येईपर्यंत मी आत जाणार नाही. दाराशीच बसून राहीन."

ती चावायची थांबली. ती म्हणाली, "दाराशी? उनात?" "त्यांना उन सोसत नाय," ती म्हणाली, "एवढी वर्सं?" आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसायला गेले तर हात झटकला. मग मास्तरणीसारखी तिची नजर माझ्यावर रोखली गेली. "मंग इतकी वर्सं सांगितला का नाय?" मी मान खाली घालून म्हटलं, "तुमची दोघांची गोष्ट. मला लाज वाटली." आणि हे तिला लगेच पटलं. आपल्या घरात लाजेचं कारण कुणालाही पटतं, अब्बा. ती पानं तुम्ही लाजेनं टोचलीत हे ती मानायला तयार नव्हती, पण माझ्या लाजेवर तिनं एका क्षणात विश्वास ठेवला. तिनं उरलेला भात खाल्ला. संध्याकाळी भाच्याला फोन करायला लावून म्हणाली, राहू दे रे, मी इथंच हाय, त्यांच्या बाजूला. मग मला हाक मारून म्हणाली, बाटली धू.

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की जे लिहिलेलं नाही ते अर्थात घालायचं नाही. परीक्षेत कुणी एक वाक्य पदरचं घातलं तर मी लाल शाईनं काट मारते. आणि मी मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घातले, तेही शेवटच्या श्वासाचे, तेही जन्नतीच्या दाराचे. हे केवढं मोठं आहे ते मला कळतं. नमाजेला उभी राहते तर दाराशी बसलेले तुम्हीच दिसता, टोपी न घालता, आणि मी कुठल्या ओळीवर होते ते विसरते. त्या पानांचं खरं काय ते मला समजलंय असं मी म्हणणार नाही. एवढं समजलं की तुम्हाला शब्द सापडला नाही म्हणून तुम्ही पान टोचलंत, आणि मला सापडला नाही म्हणून मी बनवला. तुमचं जास्त प्रामाणिक होतं. तेराव्या वर्षीचा माझा राग पुरता गेलाय असं नाही, पण तुमच्यापुढे मान ताठ करून उभं राहायची सोय आता राहिली नाही.

अम्मी आत झोपली आहे. असरची अजान नुकतीच झाली. आज दुपारपासून तिच्या पायांना सूज आहे आणि ओठ निळसर दिसतायत. डॉक्टर म्हणाले, आता सुट्टी घेऊनच टाका. हे कागद मी पाठवणार नाही. तुमच्याकडे जाणारं एकच माणूस आहे, आणि नेमकं तिच्याच हाती हे देता येत नाही.

शेवटच्या दिवशी तुम्ही तिच्याबद्दल काही बोलला नव्हतात. डोळे उघडून एवढंच विचारलंत, "आज कुठली पाळी?" मी म्हटलं, "आज सुट्टी आहे, अब्बा." तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. बस, एवढंच झालं होतं. ती आल्या आल्या तुम्हाला विचारील, खरंच दाराशी बसला होतात का. माझ्यासाठी एवढं करा, हो म्हणा.